ठासणीची बंदूक आणि शिशाची निवड

काडतुसी बंदुका येण्यापूर्वी शिकारीस ठासणीचीच बंदूक असे. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा बोळा व त्यावर शिसे घालून गजाने ठासावयाचे, हा तिचा विधी. शिसे कोणते घालावे, यातच शिकाऱ्याची परीक्षा होती. पाखरांस छर्रे चालत. हरिण, सांबर व रानडुक्कर यांस अखंड गोळीच हवी. हलका छर्रा लवकर वेग गमावतो आणि जखमी जनावर रानात तडफडत मरते. गोळीचा व्यास दुप्पट केला की वजन आठपट होते. म्हणून ती खोल शिरते. '१२ बोअर' या मापाचे मूळही हेच: एक रत्तल शिशाच्या १२ समान गोळ्यांपैकी एक बसेल, एवढी नळी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या मिनिए याची निमुळती गोळी आली. त्याच नळीत ती गोल गोळीहून जड भरे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद झाली, आणि १९८५ साली आपल्या कडेगाव तालुक्यातील सागरेश्वर अभयारण्य ठरले. तेथे आज सांबरे निर्धास्त फिरतात. बंदुकीची विद्या इतिहासजमा झाली. मुक्या जीवास यातना देऊ नये, हा तिच्यातील धर्म मात्र तरुण बांधवांनी जतन करावा, अशी आमची विनंती आहे.