भीमाशंकर

भीमाशंकर : महाराष्ट्रातील भीमा नदीचे उगमस्थान, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक क्षेत्र व त्याभोवतीचे अभयारण्य. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर सु. १,००० मी. उंचीवर हे स्थान असून पुण्याहून सडकेने ते सु. ११० किमी. दूर आहे. पुणे–नासिक मार्गाने जाणाऱ्यास चाकण व राजगुरुनगर मागे टाकून पश्चिमेस चास–वाडा या बाजूने, किंवा आणखी पुढे जाऊन मंचर–घोडेगाव या बाजूने तेथे पोहोचता येते. दोन्ही रस्ते तळेघरपाशी एकत्र येतात. चाकणचा औद्योगिक पट्टा व हे वन एकाच तालुक्यात मोडतात, ही गोष्ट नकाशा पाहिल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही. चाकणच्या दक्षिणेकडून इंद्रायणी व उत्तरेकडून भामा वाहते आणि दोन्ही नद्या पुढे भीमेसच मिळतात. खुद्द भीमेवर याच तालुक्यात चास-कमान धरण असून भामेवरील भामा-आसखेड धरणाचे पाणी २०२१ पासून पुणे शहराच्या पूर्व भागासही पुरविले जाते. त्यामुळे घाटमाथ्यावरील अरण्याची स्थिती हा केवळ यात्रेकरूंच्या वा निसर्गप्रेमींच्या आस्थेचा विषय नाही.

येथील उगम म्हणजे डोंगराच्या पोटातून उसळणारा मोठा प्रवाह नव्हे. देवळाच्या परिसरात काही कुंडे असून त्यांपैकी मोक्षकुंड विशेष प्रसिद्ध आहे. नदीचे पाणी उगमाशी प्रकट होऊन पुन्हा लुप्त होते व पूर्वेस रानात काही अंतरावर वर येते, अशी समजूत असून त्या जागेस गुप्त भीमा म्हणतात. त्रिपुरासुराच्या वधानंतर श्रमलेल्या शंकराच्या अंगावरील घामातून ही नदी निर्माण झाली, अशी पुराणकथा आहे. भूशास्त्रीय दृष्ट्या पाहता, हा सर्व प्रदेश बेसाल्ट खडकाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. पावसाळ्यात येथे सु. ३,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो. हे पाणी पालापाचोळ्याने झाकलेल्या मातीत, जांभ्या खडकात व बेसाल्टच्या भेगांत मुरते आणि खालच्या अभेद्य थराशी अडून कड्याकपारींतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वरचे मातीचे आच्छादन धुपून गेले, तर तेवढाच पाऊस चार महिन्यांत वाहून जातो आणि झरा मार्गशीर्षातच आटतो. आजही घाटमाथ्यावरील कित्येक वाड्यांना चैत्र-वैशाखात पाणी दुरून आणावे लागते.

उगमाच्या जागी देवालय उभारण्याची प्रथा या भागात जुनी आहे. शिलाहार राजा झंझ (दहाव्या शतकाचा पूर्वार्ध) याने बारा शिवमंदिरे बांधल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटात येतो. ही मंदिरे सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांच्या उगमाशी बांधली गेली, असे परंपरा सांगते व त्यांत भीमाकाठच्या भोरगिरी येथील कोटेश्वराची गणना होते. भीमाशंकराचे मूळ स्थान किती प्राचीन आहे, याविषयी मतभेद संभवतात. आसामातील गुवाहाटीजवळचे एक स्थानही याच ज्योतिर्लिंगावर हक्क सांगते. मराठेशाहीत मात्र या क्षेत्रास राजाश्रय लाभला. मंदिराचे शिखर नाना फडणीसांनी बांधविले. चिमाजी आप्पाने १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधील ज्या घंटा देशावर आणल्या गेल्या, त्यांपैकी एक भीमाशंकरास अर्पण करण्यात आली.

सडक होण्यापूर्वी भीमाशंकरास जाणे म्हणजे चालणे होते. कोकणातील यात्रेकरू कर्जतकडील खांडस येथून गणेश घाटाने किंवा त्याहून बिकट अशा शिडी घाटाने वर येत. देशावरील लोक भीमेचे खोरे धरून भोरगिरीस येत व तेथून रानातील पायवाटेने गुप्त भीमेवरून देवळास पोहोचत. चाकण हे सपाटीवरील प्रमुख ठाणे होते. १६६० मध्ये शायिस्तेखानाने त्याचा भुईकोट ५६ दिवस वेढून घेतला व फिरंगोजी नरसाळ्याने तो लढविला, या प्रसंगामुळे ते इतिहासात गाजले. परंतु यात्रेकरूच्या लेखी ते डोंगर सुरू होण्यापूर्वीचे बाजाराचे गाव होते. महाशिवरात्र व श्रावणी सोमवार सोडले तर रान एरवी मोकळे असे. पायी येणारा माणूस फार काही आणत नसे आणि फार काही मागे टाकून जात नसे.

रान राखले गेले, त्याचे श्रेय बहुतांशी महादेव कोळी समाजाकडे जाते. आहुपे, भोरगिरी व आसपासच्या वाड्यांतून या समाजाची जुनी वस्ती आहे. भात, नाचणी, वरई व खुरासणी ही त्यांची पिके. रोख पैसा मुख्यतः हिरड्याचा. कोवळी फळे वाळवून तयार केलेला बाळहिरडा औषधांसाठी विकला जातो. त्यामुळे हिरड्याचे झाड तोडणे म्हणजे दरवर्षीचे उत्पन्न घालविणे, हे येथे कोणी शिकवावे लागत नाही. याशिवाय प्रत्येक गावाची देवराई असते. तेथे कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा नियम लेखी कायद्याहून अधिक काटेकोरपणे पाळला जाई. आहुप्याची भैरवनाथाची राई याचे चांगले उदाहरण होय. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचे सर्वेक्षण करून त्यांचे शास्त्रीय महत्त्व प्रथमच जगापुढे मांडले.

सरकारी वनरक्षणाचा इतिहास या मानाने अलीकडचा आहे व त्याचा एक धागा पिंपरी-चिंचवड परिसराशी जुळतो. आज त्या महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या दापोडी येथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान स्थापन झाले होते. त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जुन्नरजवळील हिवरे येथेही त्यांची बाग होती. कोकणात डोंगर उघडे पडल्यावर झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, असे त्यांनी सरकारास कळविले होते. जंगल व झरा यांच्या संबंधाचे हे इकडील सर्वांत जुन्या लेखी निरीक्षणांपैकी एक म्हणावे लागेल. पुढे १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव वनांची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे तोडीस आळा बसला खरा, पण ज्यांनी रान सांभाळले त्यांचेच चराईचे व लाकूडफाट्याचे हक्क संकुचित झाले. ही तक्रार २००६ च्या वनहक्क अधिनियमापर्यंत दूर झाली नाही आणि त्यानंतरही सर्वत्र दूर झाली असे म्हणता येत नाही.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये १९८५ मध्ये येथे अभयारण्य घोषित करण्यात आले. त्याचे क्षेत्रफळ १३०·७८ चौ. किमी. असून ते पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. अभयारण्य करण्यामागील प्रमुख कारण म्हणजे शेकरू ही मोठी खार. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय. त्याचे शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका असून येथील उपजातीचे वर्णन मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या प्राण्यांची सूची करताना १८३१ मध्ये केले व तिला गव्हर्नर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. पाठ तांबूस तपकिरी, पोट व छाती फिकट पिवळसर आणि शेपटी शरीराहून लांब व झुपकेदार असते. वजन सु. दोन किग्रॅ. भरते. हा प्राणी दिनचर असून सकाळी व दुपार उतरल्यावर अधिक हालचाल करतो. फळे, बिया, फुले, कोवळी पाने व साल हे त्याचे खाद्य. उंच झाडांच्या शेंड्यांजवळ काटक्यापानांची मोठी गोल घरटी तो बांधतो आणि एकाच शेकरूची अनेक घरटी असतात. प्राणिशास्त्रज्ञ रेने बोर्जेस यांनी भीमाशंकर व कर्नाटकातील मागोड येथील वनांत या प्राण्याच्या आहाराचा विस्तृत अभ्यास केला असून फळांच्या टंचाईच्या काळात तो काय खाऊन निभावतो, हे त्यातून समजते.

शेकरूची एक सवय येथील सर्व प्रश्नाच्या मुळाशी आहे : तो जमिनीवर फारसा उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर तो सु. सहा मीटरपर्यंत उडी घेतो. फांदीस फांदी लागलेली असेपर्यंत त्याचे रान अखंड असते. त्याहून रुंद पट्टा मोकळा झाला की त्याच्या दृष्टीने रानाचे दोन तुकडे होतात. माणसास जी गोष्ट केवळ रस्त्याचे रुंदीकरण वाटते, ती शेकरूस सीमा ठरते. म्हणून भीमाशंकरच्या अलीकडच्या इतिहासात किती झाडे तोडली गेली यापेक्षा ती कोठे तोडली गेली, हे अधिक महत्त्वाचे आहे.

सुलभ वाहतुकीचा व वाढत्या वस्तीचा रेटा गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढला. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना सुरू झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) भोसरी–चिंचवडचा पट्टा भरत गेला. चाकणला बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये उघडला. या कारखान्यांत महाराष्ट्राच्या सर्व भागांतून व परप्रांतांतून आलेले कामगार आठवड्याच्या सुट्टीस कुटुंबासह निघतात, तेव्हा त्यांना गाठता येणारे सर्वांत जवळचे खरे अरण्य भीमाशंकर हेच असते. देवदर्शन, धबधबा व मोकळी हवा ही तिन्ही एका दिवसात साधतात. या गर्दीस दोष देणे सोपे आहे. परंतु यंत्राजवळ सहा दिवस उभे राहणाऱ्यास झाडाखाली बसावेसे वाटणे यात गैर काहीच नाही. गैर आहे ती व्यवस्था, जी त्याला देवळाच्या पायऱ्यांशी थेट मोटारीने आणून सोडते आणि रानात मात्र कोणीही नेत नाही. परिणामी बहुसंख्य लोक अभयारण्यात येऊनही ते न पाहताच परततात आणि त्यांच्यामागे उगमाच्या ओहोळात प्लॅस्टिक साचते.

अभयारण्याच्या हद्दीबाहेरही असेच घडले. खेड तालुक्यात त्याला लागून असलेल्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्यांचा प्रकल्प आला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात त्यावर कठोर टीका केली. या गटाचा आक्षेप पवनचक्क्यांपेक्षा त्यांच्याकडे जाणाऱ्या, डोंगर कापून केलेल्या रस्त्यांवर व त्यामुळे होणाऱ्या धुपीवर अधिक होता. ३० जुलै २०१४ रोजी अभयारण्याच्या जवळ, आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर कडा कोसळून १५१ माणसे मृत्युमुखी पडली. तिच्या कारणांविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नसली, तरी अतिवृष्टीच्या या उतारांवर माती किती सैल बसलेली असते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. पश्चिम घाटातील स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांची निवड झाली. भीमाशंकरचा त्यात समावेश नाही.

वन पाहण्याच्या इच्छेने येणाऱ्यास भोरगिरी–गुप्त भीमा–भीमाशंकर ही जुनी पायवाट अजूनही सर्वांत उपयुक्त आहे. तिला तीन-चार तास लागतात. वाटेत अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा यांची सदाहरित व निमसदाहरित दाटी आणि कड्यालगत कारवी आढळते. वानर, भेकर, सांबर व रानडुक्कर हे प्राणी येथे आहेत; बिबट्या असतो, पण क्वचितच दृष्टीस पडतो. राखी रानकोंबडा व काळा गरुड दिसतात आणि पहाटे ओढ्याकाठी कस्तुराची लांबलचक शीळ ऐकू येते. शेकरू पाहण्यास हिवाळा व उन्हाळ्याचा आरंभ अनुकूल. त्यासाठी न बोलता चालणे व शेंड्यांकडे पाहत राहणे आवश्यक असते. घरटे दिसले तरी त्यात प्राणी असेलच असे नाही. नागफणीच्या टोकावरून कोकणचा विस्तृत प्रदेश दिसतो. पावसाळ्यात कडे निसरडे होत असल्याने शिडी घाटाची वाट टाळणे श्रेयस्कर. याच ऋतूत, भरपूर पाऊस होऊन गेलेल्या काळोख्या रात्री, कुजणाऱ्या काटक्यांवर वाढणाऱ्या काही कवकांपासून मंद हिरवट प्रकाश निघतो आणि रानाची जमीन जागोजागी उजळलेली दिसते. विजेरी विझवून काही मिनिटे थांबल्याशिवाय तो डोळ्यांस जाणवत नाही व देवळाजवळच्या दिव्यांच्या उजेडात तर मुळीच नाही.