निळ्या स्क्रीनचा इतिहास: नांदेडच्या दुकानापासून विमानतळापर्यंत

आज गोष्ट निळ्या स्क्रीनची.

२०१२ चा जून. मी लातूरहून नांदेडला काकांकडं गेलो होतो. त्यांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. ॲडमिशनचे फॉर्म भरायला पोरांची रांग. पेनड्राइव्हमधून रोज व्हायरस यायचे, म्हणून मी शहाणपणा केला. एक अँटीव्हायरस होताच, त्यावर दुसरा टाकला. संध्याकाळपासून कॉम्प्युटर सारखा निळा पडायला लागला. दोन दिवस गिऱ्हाईक परत गेलं. काका रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुरुस्तीवाल्या दादानं सेफ मोडमध्ये जाऊन एक अँटीव्हायरस काढला, ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर बदलला. म्हणाला, "एका दाराला दोन राखणदार ठेवले की ते चोराला सोडून एकमेकांचीच कॉलर धरतात."

खरंय ते. साधं ॲप चुकलं तर तेवढंच बंद पडतं. पण बरेच ड्रायव्हर चालतात विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये. प्रत्येक फाइल उघडण्याआधी तपासायची, म्हणून अँटीव्हायरसही तिथंच बसतो. तिथं मोठी चूक झाली की डेटा बिघडू नये म्हणून विंडोज सगळंच थांबवतं.

हे भांडण जुनं आहे. २००५ मध्ये ६४-बिट विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टनं कर्नलमध्ये फेरफार करायला मनाई केली, त्यावरून पुढं अँटीव्हायरस कंपन्यांनी आरडाओरडा केला. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं. त्यात दुसरा अँटीव्हायरस आला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. माझ्या उद्योगानंतर चार महिन्यांनी!

मग १९ जुलै २०२४, शुक्रवार, सकाळी ९:३९. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक छोटी फाइल पाठवली. तिच्यात २१ गोष्टी तपासायला सांगितल्या होत्या, प्रोग्रामकडं माहिती २० चीच. एकविसावी शोधायला गेला आणि कर्नलसकट कोसळला. ७८ मिनिटांत फाइल मागं घेतली, तोवर जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे. आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. उपाय? सेफ मोडमध्ये जा, ती फाइल उडवा. अनेक ठिकाणी हे एकेका मशीनपाशी बसून करावं लागलं. आमच्या दादासारखंच.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं अँटीव्हायरस कर्नलबाहेर काढायचं काम हाती घेतलंय.

तोवर एवढं करा: अँटीव्हायरस एकच ठेवा. ड्रायव्हर घ्यायचा तो विंडोज अपडेटमधून किंवा कंपनीच्या साइटवरून. आणि घरचं, दुकानाचं मशीन निळं पडलं तर आधी आठवा, शेवटचं काय टाकलं होतं? बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं.

भेटू पुढच्या एपिसोडात!