व्हिडिओ कॉलमध्ये सामायिक व्हाइटबोर्ड: कसा चालतो, कसा वापरावा?

व्हिडिओ कॉलवर गणित समजावून सांगायचे असेल, घराचा आराखडा ठरवायचा असेल किंवा कामांची वाटणी करायची असेल, तर नुसते बोलून भागत नाही. काहीतरी काढून दाखवावे लागते. त्यासाठी वापरला जाणारा ऑनलाइन फळा म्हणजे सामायिक व्हाइटबोर्ड. कॉलमधील सर्वांना तो एकाच वेळी दिसतो आणि परवानगी असलेल्या प्रत्येकाला त्यावर लिहिता, चित्र काढता, चिठ्ठ्या चिकटवता येतात.

ही कल्पना नवी नाही. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील प्रात्यक्षिकात मेन्लो पार्कमधील सहकाऱ्याचा चेहरा आणि दोघांनाही दिसणारा सामायिक पडदा एकत्र दाखवला होता. घरोघरी मात्र हे साधन २०२० च्या टाळेबंदीनंतर पोहोचले.

स्क्रीन शेअरिंगपेक्षा वेगळे काय?

स्क्रीन शेअर करताना तुमच्या पडद्याचा व्हिडिओ इतरांकडे जातो. नेट मंदावले की अक्षरे पुसट होतात आणि समोरची माणसे मुख्यतः प्रेक्षकच राहतात. झूमसारख्या काही सेवांत शेअर केलेल्या पडद्यावर खुणा करता येतात, पण वेगळ्या जतन केल्या नाहीत तर शेअरिंग थांबल्यावर त्या नाहीशा होतात.

व्हाइटबोर्डवर व्हिडिओ जात नाही, फक्त माहिती जाते. तुम्ही एक रेघ ओढली की तिचे बिंदू, रंग आणि जाडी एवढेच सर्व्हरमार्फत इतरांकडे पोहोचते आणि प्रत्येकाचे उपकरण ती रेघ स्वतः काढते. म्हणून डेटा कमी लागतो आणि कितीही मोठे करून पाहिले तरी लिखाण धूसर होत नाही.

दोघांनी एकाच वेळी लिहिले तर?

प्रत्येक रेघ, चौकोन किंवा चिठ्ठी ही स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदवली जाते. त्यामुळे दोघे शेजारी-शेजारी लिहीत असले तरी गोंधळ होत नाही. दोघांनी एकच चिठ्ठी दोन दिशांना ओढली, तर अनेक सेवांत सर्व्हरवर शेवटी पोहोचलेला बदल टिकतो. बहुतेक बोर्डांवर ‘अनडू’ केल्यास फक्त तुमचीच शेवटची कृती मागे जाते, दुसऱ्याची नाही.

कोणता बोर्ड वापरावा?

- झूम: बैठकीच्या पट्टीतच व्हाइटबोर्डचा पर्याय असतो.
- मायक्रोसॉफ्ट टीम्स: ‘शेअर’ मेनूतून मायक्रोसॉफ्ट व्हाइटबोर्ड उघडतो.
- गूगल मीट: गूगलचा स्वतःचा जॅमबोर्ड बंद झाला आहे. मिरो, फिगजॅम, लुसिडस्पार्क यांसारखे बाहेरचे बोर्ड वापरता येतात.
- एक्सकॅलिड्रॉ: खाते न उघडता ब्राउझरमध्ये चालतो. कोणत्याही कॉलसोबत लिंक पाठवून वापरता येतो.

मोफत योजनांना मर्यादा असतात. उदाहरणार्थ, मिरोच्या मोफत योजनेत तीनच बोर्डांवर बदल करता येतात.

कॉलमध्ये वापरताना

१. बोर्ड कॉलच्या आधी तयार ठेवा. शीर्षक, रकाने, प्रश्न आधीच लिहिलेले असले की कॉलमधला वेळ वाचतो.

२. लिंक कॉलच्या चॅटमध्ये टाका आणि सर्वांचा बोर्ड उघडला याची खात्री करा. ज्यांना तो उघडता येत नाही त्यांच्यासाठी तोच बोर्ड स्क्रीन शेअर करून दाखवा.

३. हा फळा चारही बाजूंना पसरत जातो. ‘डावीकडचा पिवळा चौकोन पाहा’ असे नेमके सांगा. शक्य असल्यास सर्वांना आपल्या दृश्याशी जोडणारा पर्याय वापरा.

४. माउसने अक्षर वेडेवाकडे येते. लॅपटॉपवर कॉल ठेवून तोच बोर्ड फोनवर किंवा टॅबवर उघडा आणि बोटाने लिहा. त्या फोनवर कॉल जोडू नका, नाहीतर आवाज घुमतो.

५. मोबाइलवरून आलेल्यांचा विचार करा. अक्षर मोठे ठेवा, मजकूर थोडा ठेवा.

लिंक म्हणजे किल्ली

‘लिंक असलेल्या कोणालाही बदल करता येतील’ ही सोय धोक्याचीही आहे. अशी लिंक व्हॉट्सॲपच्या मोठ्या गटात गेली, तर अनोळखी माणूसही बोर्डवर येऊ शकतो किंवा सगळे पुसू शकतो. एक्सकॅलिड्रॉवरील थेट सहकार्य टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असते, पण त्याची किल्ली लिंकमध्येच ‘#’ या चिन्हानंतर असते. म्हणजे पूर्ण लिंक ज्याच्या हाती, त्याला सगळे दिसणार. म्हणून काम झाल्यावर परवानगी ‘फक्त पाहणे’ अशी बदला. पासवर्ड, बँकेचे तपशील, विद्यार्थ्यांचे गुण असे काही बोर्डवर लिहू नका.

जतन कराल तरच टिकेल

कॉल संपल्यावर बोर्ड राहतो का, हे सेवेनुसार ठरते. काही बोर्ड खात्यात साठतात, काही फक्त त्या ब्राउझरमध्ये राहतात आणि ब्राउझरचा डेटा साफ केला की जातात. सेवाच बंद होण्याचीही शक्यता असते. जॅमबोर्डवर १ ऑक्टोबर २०२४ पासून बदल करणे थांबले आणि त्या वर्षाअखेरीस सेवा पूर्ण बंद झाली. कित्येक शिक्षकांनी वर्गासाठी तयार केलेले बोर्ड त्यावर होते. मुदतीत त्यांच्या प्रती काढून ठेवणे शहाणपणाचे होते.

म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक कॉलनंतर बोर्डची पीडीएफ किंवा चित्र काढून आपल्याकडे ठेवा. मजकूर मराठीत असेल तर ती प्रत उघडून जोडाक्षरे नीट उमटली आहेत का हेही पाहा. पुढे बदल करायचे असतील तर मूळ स्वरूपातील फाइलही उतरवून घ्या, कारण पीडीएफमधली चिठ्ठी पुन्हा हलवता येत नाही.