स्तनपुनर्रचनेच्या मोजपट्टीची कुळकथा

कर्करोगामुळे काढलेला स्तन शस्त्रक्रियेने पुन्हा घडवला, तर तो नीट जमला की नाही हे ठरवायचं कुणी? या मोजणीचं मूळ सापडतं १९७९ साली, अमेरिकेत, आणि तेही पुनर्रचनेत नाही. स्तन राखून किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांसाठी बोस्टनच्या जे हॅरिस आणि सहकाऱ्यांनी चार शेरे ठरवले: उत्कृष्ट, चांगला, बरा, वाईट. उपचार झालेली बाजू दुसरीशी ताडायची आणि शेरा लिहायचा. सोपी म्हणून पद्धत सगळीकडे गेली. पण एका डॉक्टरचा ‘चांगला’ दुसऱ्याच्या लेखी ‘बरा’ असे.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रिचर्ड पेझनर यांनी आकडा शोधला. सेंटिमीटरच्या चौकटी आखलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पाटी उभी करायची, तिच्यामागे स्त्री उभी राहणार. गळ्याखालच्या खाचेपासून प्रत्येक स्तनाग्र किती खाली, मध्यरेषेपासून किती बाजूला, हे पाटीवर वाचायचं. दोन्ही बाजूंतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ, शाळेतला पायथागोरसच. युक्ती सुंदर आहे, पण सगळा स्तन काढताना बरेचदा स्तनाग्रही जातं. मग मोजायचं कुठून?

२००७ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरातून बीसीसीटी डॉट कोअर हे सॉफ्टवेअर आलं. समोरून काढलेल्या फोटोतून ते सममिती, त्वचेचा रंग आणि व्रण तपासतं. शेऱ्यांतली चढउतार कमी झाली. मात्र त्याला शिकवलं होतं तज्ज्ञांच्याच शेऱ्यांवर, आणि तेही स्तन राखलेल्या शस्त्रक्रियांच्या फोटोंवरून.

माझ्या मते पुनर्रचनेची खरी मोजपट्टी जन्मली २००९ मध्ये. अँड्रिया प्युसिक, अ‍ॅन क्लासेन आणि स्टीफन कॅनो यांनी ब्रेस्ट-क्यू ही प्रश्नावली बांधली. आधी बायकांना बोलतं केलं, त्यांच्या बोलण्यातून प्रश्न घेतले. ब्रा नीट बसते का? दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात का? आरशात कपड्यांसह आणि कपड्यांविना पाहताना कसं वाटतं? कपड्यांत समाधान वाटणं त्यामानाने सोपं, उघड्या अंगाने अवघड; रॅश नावाची सांख्यिकी पद्धत प्रश्नांची ही चढण लक्षात घेते. उत्तरांवरून शून्य ते शंभरमधला गुण मिळतो. यांतले काही प्रश्न शस्त्रक्रियेआधीही विचारून ठेवतात, कारण नुसत्या नंतरच्या गुणावरून त्या स्त्रीसाठी काय बदललं हे कळत नाही.