थंडीत घर उबदार ठेवताना काय काळजी घ्यावी? शेगडी आणि गॅस गिझर कधी धोकादायक ठरतात?

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड, कोरडे वारे वाहू लागले की निफाड, धुळे, जळगाव, नागपूर, गोंदिया या भागांत किमान तापमान अनेकदा एक आकडी होतं. कपाटातले स्वेटर बाहेर येतात, गोधड्यांना ऊन दाखवलं जातं आणि रात्री दारं-खिडक्या घट्ट लावल्या जातात. पण खिडकी लावण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. घरात काही पेटतं आहे का?

बंद खोलीतली शेगडी किंवा बाथरूममधला गॅस गिझर यामुळे जीव गेल्याच्या बातम्या जवळपास दर हिवाळ्यात येतात. हे मृत्यू टाळता येतात. त्यासाठी नेमकं काय घडतं, ते आधी समजून घेऊ.

थंडीची लाट कधी आली म्हणतात?

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार, सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेलं असेल, तर ती थंडीची लाट मानली जाते. घट ६.४ अंशांपेक्षा जास्त असेल तर ती तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला, तरी लाट धरली जाते.

किनारपट्टीसाठी निकष थोडा सौम्य आहे. तिथे किमान तापमान १५ अंश किंवा कमी असेल आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांची घट असेल, तर लाट जाहीर होऊ शकते. मुंबई आणि नागपूर इथल्या प्रादेशिक हवामान केंद्रांकडून जिल्हानिहाय इशारे दिले जातात.

धूर नाही, मग धोका कसला?

कोळसा धगधगायला लागला की धूर कमी होतो. त्यामुळे आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असं वाटतं. पण धूर नसलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड वायू सोडत राहतात. या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक जोराने धरून ठेवतं. परिणामी, श्वास सुरू असूनही शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, अंगातली ताकद जाते आणि झोप येते. झोपलेल्या माणसाला तर ही लक्षणं कळतही नाहीत.

म्हणून शेगडी किंवा लाकडाचा बंब घराबाहेर, मोकळ्या जागेत पेटवावा. हात शेकून झाले की निखारे बाहेरच विझवावेत. राखेखाली झाकलेले निखारेही आत आणू नयेत.

गॅस गिझर कुठे बसवावा?

गॅस जळताना हवेतला ऑक्सिजन वापरला जातो. छोट्या, बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन लवकर कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यामुळे गिझर बाथरूमबाहेर, हवेशीर जागी बसवणं सुरक्षित. तो आतच असेल, तर आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा आणि मगच अंघोळीला जा. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली तर वापर थांबवून दुरुस्ती करून घ्या.

पाणी तापवायचा विजेचा रॉड हा वायू सोडत नाही, पण शॉकचा धोका असतो. स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. रूम हीटर पडदे आणि पांघरुणांपासून किमान एक मीटर दूर ठेवा आणि झोपण्यापूर्वी बंद करा.

काहीही न पेटवता ऊब कशी टिकवायची?

- दिवसा खिडक्या उघडून ऊन आत येऊ द्या, सूर्यास्ताआधी लावून घ्या.
- दाराखालच्या फटीत जुनं कापड गुंडाळून ठेवा. मात्र घरात चूल किंवा गॅस सुरू असेल, तेव्हा हवा खेळती राहिली पाहिजे.
- जमिनीवर झोपत असाल तर सतरंजीखाली पुठ्ठा किंवा चटई घाला. फरशी अंगातली उष्णता ओढून घेते, म्हणून एक गोधडी अंगावर तशी एक अंगाखालीही हवी.
- एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ कपडे घाला. थरांमधली हवा ऊब धरून ठेवते. कानटोपी आणि मोजे विसरू नका.

बाळ, बाळंतीण आणि ज्येष्ठांसाठी काय?

अनेक घरांत बाळ-बाळंतिणीला शेक देण्यासाठी बाजेखाली किंवा खोलीत शेगडी ठेवतात. वारा लागू नये म्हणून तीच खोली बंद केलेली असते. त्यामुळे धोका सर्वाधिक तिथेच असतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून बाळंतिणीला द्या, पण ती बाळाजवळ ठेवू नका. नवजात बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेणं हा ऊब देण्याचा उत्तम मार्ग आहे. कमी वजनाच्या बाळांसाठी डॉक्टरही हीच 'कांगारू मदर केअर' पद्धत सुचवतात. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका.

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढू शकतो. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी पहाटेऐवजी ऊन पडल्यावर फिरायला जावं आणि गोळ्या चुकवू नयेत. मद्य घेतल्यावर गरम वाटतं, पण त्वचेतून उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते.

कुणी बेशुद्ध आढळलं तर?

शेगडी किंवा गिझर सुरू असलेल्या खोलीत कुणी निपचित पडलेलं दिसलं, तर स्वतः तिथे थांबू नका. दारं-खिडक्या उघडा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध आली तरी रुग्णालयात न्या आणि खोलीत काय पेटलेलं होतं, ते डॉक्टरांना सांगा. घरातल्या अनेकांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, तर ते सर्दीचं समजून झोपू नका, आधी सगळ्यांनी बाहेर पडा. गॅसगळतीचा वास आल्यास १९०६ हा क्रमांक आहे.