केडगावची पंडिता आणि उद्याचं धान्य

यवतला पिठलं-भाकरीचा प्रसाद घेऊन तुकोबारायांची पालखी वरवंडाकडे निघते, तेव्हा वाटेत चौफुला लागतो. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या चौफुल्यावरून पायी गेले असाल. तिथून डाव्या हाताला एक रस्ता केडगाव स्टेशनाकडे जातो. आपण त्या रस्त्याला वळत नाही, आपली वाट पंढरीची. पण आज मांडवगण फराट्याच्या या सप्ताहात मी तुम्हाला घटकाभर तिकडे वळवणार आहे. भीमा ओलांडली की दौंड तालुका, आणि तिथून केडगाव काही लांब नाही.

आता कुणी म्हणेल, महाराज, कीर्तनात ही ख्रिस्ती बाई कुठून आणली? आणली, कारण ती पुराणिकाची लेक होती. आपल्याच व्यासपीठाची लेक.

अनंतशास्त्री डोंगरे हे तिचे वडील. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांच्या बोलाला तोंड देत पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथं १८५८ साली रमाबाईचा जन्म झाला. पुढं हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ चालत राहिलं. देवळाच्या ओवरीत बसायचं, पोथी सोडायची, पुराण सांगायचं, यात्रेकरू जे धान्य, जे पैसे ठेवतील त्यावर दिवस काढायचे. रमाबाईला आईनं शिकवलं. भागवताचे अठरा हजार श्लोक तिच्या तोंडी होते असं सांगतात. माउली, आपल्यातल्या भल्याभल्यांना अठराशे होत नाहीत, माझं तर बोलूच नका.

मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळ होतं ते यांनी दानदक्षिणेत, व्रतात, पूजेत घातलं, देव कृपा करील म्हणून. मग भांडी गेली, कपडे गेले. मोलमजुरी ठाऊक नव्हती, भीक मागायला जीभ उचलत नव्हती. रानातला पाला खाऊन दिवस काढले. म्हातारे शास्त्रीबुवा शेवटी जलसमाधी घ्यायला निघाले, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी हमाली करतो. पण वडील भुकेनं गेलेच. थोड्या दिवसांनी आई गेली. आईला खांदा द्यायला चार माणसं पुरी मिळेनात. श्रीनिवास आणि दोन ब्राह्मण मिळाले, चौथी रमाबाई. तिची उंची कमी, म्हणून तिरडीचा दांडा तिनं डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैल लांब. पुढं थोरली बहीणही गेली.

मला इथं थांबावं लागतं. आपण बाहेर सहज बोलून जातो, की देवावर विश्वास ठेवला तर तो उपाशी ठेवत नाही. मग शास्त्रीबुवांचा विश्वास काय कमी होता? ज्याला असं वाटतं त्याला मी लांबूनच हात जोडतो. ओवरीत बसून आयुष्यभर देवाची कथा सांगणारा माणूस भुकेनं गेला, आणि याचं उत्तर माझ्या पोथीत मला मिळालेलं नाही. रमाबाईलाही ते मिळालं नाही. तिचा जुना विश्वास त्या दिवसांत तुटला.

भाऊ-बहीण चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ वारला. मग बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिचं लग्न झालं. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. मुलीला वर्ष भरायच्या आत पटकीनं नवरा गेला. वय चोवीसच्या आत, आणि तान्ह्या मुलीशिवाय मागं कुणी नाही.

पुण्यात येऊन तिनं आर्य महिला समाज काढला, मग शिकायला इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात किती बोभाटा झाला ते सांगत नाही, अजून थोडा चालूच आहे. मला लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. तिनंच पुढं लिहून ठेवलं, की तेव्हा आपल्याला धर्म सापडला होता, त्या धर्माचा ख्रिस्त सापडायचा होता. त्याला आणखी आठेक वर्षं लागली. पाटी बदलली म्हणून आतलं बदलत नाही, हे ती स्वतः कबूल करते. आपल्याकडे माळ घालून पंचवीस वर्षं झालेली माणसं इतकं बोलायला धजत नाहीत.

अमेरिकेत फिरून तिनं मदत उभी केली. विधवांच्या शिक्षणासाठी दहा वर्षं पैसा पुरवू, असं तिथल्या मंडळींनी कबूल केलं. त्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. १८९३ साली, मुलींना ख्रिस्ती करते म्हणून गदारोळ उठला. रानडे, भांडारकर अशी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाजूला झाली आणि पालक मुलींना घेऊन गेले. लोकांची भीतीही पोकळ नव्हती, आणि त्या मुलींना दुसरं दार नव्हतं हेही खरं.

दहा वर्षांची मुदत १८९८ ला संपणार होती. पुढं काय? मुलींना आधार होईल म्हणून तिनं केडगावला जमीन घेतली, फळबाग लावायला. आज तिकडे ऊस बघताय तुम्ही. तेव्हा ते दुष्काळी माळरान होतं. बाग वाढेल, फळं विकू, सदन चालेल, असा साधा शेतकऱ्याचा हिशेब.

आणि नेमका १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात पोरी रस्त्यावर मरतायत, त्यांना पळवणारे टपून बसलेत, ही बातमी आली. रमाबाईला आपली तिरडी आठवली असेल, दुसरं काय? ती तिकडे गेली. तीनशे मुली आणायच्या असं मनाशी धरलं. हातात तेवढ्यांना पुरेल इतका पैसा नव्हता. ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर नावाचा माणूस कुणापुढं हात न पसरता, नुसत्या प्रार्थनेवर हजारो अनाथ सांभाळतो, हे तिनं वाचलं होतं. आपला देव तोच आहे, मग आपल्याला का नाही, असा तिचा सरळ प्रश्न.

मुली आणल्या तर पुण्यात प्लेग. गर्दी नको म्हणून नव्या मुली ठेवायला सरकारची मनाई. तेव्हा त्या हाडाच्या सापळ्यांना घेऊन ती केडगावच्या माळावर आली. तात्पुरत्या झोपड्या घातल्या, आणि त्या वस्तीचं नाव पडलं मुक्ती. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी आल्या. संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. मायबाप, आपल्या सप्ताहात दोन हजारांची पंगत एक दिवस बसवायची तर गावाला महिनाभर घोर लागतो. इथं रोज दोन वेळा, आणि मागं जहागीर नाही.

म्हणून काय डोळे मिटून बसली? पहाटे प्रार्थना, आणि उजाडल्यावर काम. शेती, गाईगुरं, माग, तेलघाणा, छापखाना. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. हमाली करतो म्हणणाऱ्या श्रीनिवासाची बहीण ती. देवावर भार टाकायचा तर आपला खांदाही दांड्याखाली हवा, हे ती आईच्या तिरडीपासून शिकली होती, असं मला वाटतं. पुढच्या मुलीला दार उघडताना उद्याचं धान्य कोठीत आहे का, हे तिनं आधी पाहिलं नाही.

शेवटची पंधरा-सोळा वर्षं तिनं बायबल मराठीत आणण्यात घातली. साध्या बाईला कळावं म्हणून साधी भाषा, आणि त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकली. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. कान जवळजवळ गेलेले, शरीर थकलेलं. सगळा कारभार मनोरमावर सोपवायचा हे ठरलेलं होतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमाच गेली. चाळीस वर्षांची लेक.

रमाबाई पुन्हा टेबलाशी बसली. मुद्रितं तपासायची राहिली होती. ५ एप्रिल १९२२ ला ती गेली तेव्हा तिच्या हातचं काम पुरं झालेलं होतं. १९२४ साली ग्रंथ बाहेर आला, केडगावच्या छापखान्यातून. चौफुल्यावरून डावीकडे वळलात तर मुक्ती अजून तिथं आहे.