वऱ्हाडातले सागवान आणि त्याचा रंग

वऱ्हाडात लाकडी जमीन ही माडीवरची गोष्ट. तळघराची नव्हे, तळमजल्याचीही नव्हे. खालची भुई पिढ्यान्‌पिढ्या मातीचीच राहिली, आणि त्याला कारणे दोन होती: काळी माती आणि उधई, म्हणजे वाळवी. अमरावती-अकोल्याच्या सपाटीवरची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. अशा जमिनीवर फळ्या अंथरल्या तर त्या सरळ राहत नाहीत, आणि राहिल्याच तर उधई त्यांना खाते. म्हणून जोत्यात मुरूम आणि पांढरी माती भरायची, धुम्मसाने ठोकून ती घट्ट करायची आणि वरून शेणाने सारवायचे, अशी रीत पडली.

जमिनीचा रंग निवडणे हे काम या सारवणातच सुरू झाले. ताजे शेण, पांढरी माती आणि थोडे बारीक कुटार पाण्यात कालवून हाताने अर्धगोल फिरवत सारवले की ओली भुई हिरवट दिसते आणि वाळल्यावर पिवळसर तपकिरी होते. गडद भुई हवी असेल तर त्यात कोळशाची पूड मिसळत. भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा आणि खाली भुईलगत गेरूची पट्टी, ही जोडणी आजही खेड्यात दिसते. गेरूची पट्टी केवळ शोभेची नव्हती. सारवताना भिंतीवर उडणारे शिंतोडे तिच्यात लपत.

लाकूड यायचे मेळघाटातून. गाविलगडच्या डोंगररांगेतला सागवान परतवाड्याला उतरे. हे गाव डोंगराच्या पायथ्याशी असल्याने लाकडाची बाजारपेठ म्हणून वाढले. वाड्यात या सागाचे खांब, तुळया, कड्या आणि फळ्या लागत. पण माडीच्या फळ्यांवरही बहुधा मातीचा थर देऊन सारवणच होई. पायाखाली माती आणि डोक्यावर लाकूड, असा वऱ्हाडी माडीचा खरा नमुना. फळीची खालची बाजू म्हणजे खालच्या खोलीचे छत. लाकडाच्या रंगाकडे लक्ष जाई ते छत, खांब, दारे आणि चौकटी यांच्यामुळे.

या लाकडाला बाहेरून रंग देण्याची गरज फारशी नव्हती, आणि हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. जुन्या झाडाचा गाभा कापल्याबरोबर हिरवट-पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. उजेडात काही आठवडे राहिला की पट्टे एकमेकांत मिसळतात आणि सोनेरी तपकिरी छटा येते. पुढे तीच छटा वर्षांगणिक गडद होते. लाकडातच तेल असल्यामुळे वाळवी आणि ओल यांना ते बराच काळ दाद देत नाही. उघड्यावर पावसापाण्यात ठेवले तर मात्र वरचा थर करडा पडतो.

सुताराच्या हाती उरे ते तेल. रब्बीत वऱ्हाडात जवस पिकत असे, आणि लाकडाला जवसाचे तेल जितके मानवते तितके दुसरे मानवत नाही. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि लाकडावर पातळ पापुद्र्यासारखे बसते. कढवलेले तेल, ज्याला बेलतेल म्हणतात, अधिक लवकर वाळते. भुईमुगाचे तेल तसे वाळत नाही. ते चिकट राहते आणि धूळ धरते. सरकीचे तेल जवस आणि भुईमूग यांच्या मध्ये येते. कापसाच्या या मुलखात ते मुबलक, पण लाकडाला जवसाइतके उपयोगी नाही. चुलीचा धूर, दिव्याची काजळी आणि तेलाचे वर्षानुवर्षांचे थर मिळून जुन्या वाड्यांच्या खांबांना तो काळपट, चमकदार रंग आला. आज लोक तो रंग मुद्दाम मागतात. तो कोणी दिलेला नव्हता, साठत गेलेला होता.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इथल्या कापसाला भाव चढला, आणि १८६७ पर्यंत मुंबईहून अकोला, बडनेरामार्गे नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली. रेल्वेला स्लीपर लागतात, आणि स्लीपरसाठी सागवान उत्तम. जंगल राखीव होऊन लाकडावर सरकारी ताबा बसला, आणि मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या जंगलावरच्या हक्कांना त्याने मोठा धक्का दिला. १९१३ मध्ये मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी रेल्वे सुरू झाली. तिचा मुख्य हेतू कापूस होता, पण डोंगराच्या पायथ्यापर्यंत रूळ गेले हेही खरे.

याच काळात पॉलिशही आले. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याच्या बोळ्याने लाकडावर चोळत जायचे, एक थर सुकला की दुसरा, असे हे फ्रेंच पॉलिश. कचेऱ्यांची टेबले, बँकांचे काउंटर आणि सावकारांच्या बैठकी यांना महॉगनीसारखा लालसर रंग हवासा झाला. त्यासाठी पॉलिशवाले लाखेच्या द्रावणात हिरमिजी मिसळत, पिवळेपणा हवा तर पेवडी, काळपटपणा हवा तर काजळी. सागाला आपला रंग सोडून दुसऱ्या झाडाचा रंग देण्याची ही पहिली पद्धतशीर चाल म्हणता येईल.

माडीची जमीन मात्र लाकडाकडून दूरच गेली. शहाबादी फरशी रेल्वेने येऊ लागली, मग सिमेंट आले, आणि स्वातंत्र्याच्या आसपास मोझॅकच्या टाइल्स. वाडे पाडले गेले तेव्हा त्यातले सागवान वेगळे विकले गेले. त्या काळ्या तुळईवर रंधा फिरवला की दोन सूत खाली सोनेरी गाभा तसाच निघतो, हे कोणाही सुताराला ठाऊक आहे.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्पात आला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र वनविकास महामंडळाची स्थापना झाली. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कार्ययोजनेशिवाय वृक्षतोडीला आळा बसला. बाजारात लागवडीचे आणि परदेशी सागवान वाढले. कमी वयाच्या झाडात पांढरा भाग जास्त आणि गाभा कमी. एकाच फळीत दोन रंग दिसू लागले, आणि ते एकसारखे करायला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लागला. रंगाची मागणी आवडीतून वाढली हे खरे, पण तिच्यामागे जुन्या झाडांची टंचाई आहे.

अलीकडे शहरांतल्या सदनिकांत ओकच्या फळ्या किंवा ओकची नक्कल असलेल्या लॅमिनेटच्या जमिनी दिसतात. ओकची गोष्ट सागापेक्षा वेगळी. त्यात टॅनिन भरपूर असते. लोखंडाचा अंश लागला की ते निळसर काळे पडते, अमोनियाच्या वाफेने गडद तपकिरी होते. वऱ्हाडातल्या बाभळीतही टॅनिन आहे, म्हणून ओल्या बाभळीत ठोकलेल्या खिळ्याभोवती काळा डाग उमटतो. ओकच्या नसा मोकळ्या असल्याने स्टेन खोल शिरतो आणि रेषा उठून दिसतात. सागात तेल असल्यामुळे तोच स्टेन वरच थबकतो. त्यामुळे साग आधी स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो.

म्हणून छटा डबीवर पाहून ठरवत नाहीत. त्याच फळीचा तुकडा पॉलिशपेपरने घासायचा, त्यावर दोन-तीन छटा लावायच्या, वरचा अखेरचा थरही द्यायचा आणि तो तुकडा खोलीतच, दुपारच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात पाहायचा. वॉलनटसारख्या गडद छटेवर वऱ्हाडातली उन्हाळी धूळ आणि पावलांचे ठसे लगेच दिसतात. मधाळ आणि फिकट तपकिरी छटा त्यांना सामावून घेतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी होते आणि फळ्या आकसून फटी पडतात. गडद रंग दिलेल्या जमिनीत त्या फटींतून न रंगलेले लाकूड पांढरे डोकावते. ते टाळायचे तर फळ्या काही दिवस त्याच खोलीत ठेवून हवेशी जुळू द्याव्यात आणि बसवण्यापूर्वी त्यांच्या कडाही रंगवून घ्याव्यात.